सहा ठिपक्यांचा काळा भुंगेरा: औषध मारण्याआधी एवढं वाचा

प्रश्न थोडक्यात असा. घरामागे माळ आहे, पुढे थोडी शेती. पहिला पाऊस पडल्यापासून दिवेलागणीला अंगणात आणि बांधावर एक मोठा काळा किडा पळताना दिसतो, पाठीवर सहा पांढरे ठिपके. धाकट्याने काडीने डिवचला, तर त्याने मागून पिचकारी मारली आणि मुलाची बोटं झोंबली. हा विषारी आहे का? पिकाची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या भुंगेऱ्यांपैकी आहे का? आणि शेतात काही औषध टाकायला हवं का?

आधी मुलाचं बघू. ती पिचकारी मुख्यतः फॉर्मिक आम्लाची असते. किड्याच्या पोटाच्या टोकाशी दोन ग्रंथी असतात, त्यात ते तयार होतं, साठतं आणि धोका वाटला की जोराने बाहेर फेकलं जातं. बोटांवर पडलं तर झोंबतं, कातडी लाल होते. साबणाने आणि भरपूर पाण्याने हात धुतले की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. खरी भीती डोळ्याची. मुलं किडा बघायला उकिडवी बसतात, तोंड त्याच्या जवळ नेतात आणि काडी मागून लावतात, म्हणजे नेमकं तोफेच्या तोंडासमोर. फवारा वीतभर तर सहज जातो. डोळ्यात गेलाच तर चोळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. जबडाही दणकट आहे, बोट सापडलं तर चिमटा बसतो, रक्तही येऊ शकतं. पण त्या चाव्यात विष नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. बाजरीच्या कणसांवर येणारे रंगीत पट्ट्यांचे हिंगे वेगळे. त्यांच्या अंगातल्या द्रवात कँथरिडीन असतं. ते लागतं तेव्हा फारसं कळत नाही, काही तासांनी टरटरून फोड येतात. तुमच्या किड्याचं उलट आहे. जे व्हायचं ते लगेच, आणि फोड सहसा येत नाहीत. फोड आलेच असतील तर दुसराच कुणीतरी लागला आहे असं समजा.

या कुळातल्या किड्यांची पिचकारी खाल्लेल्यांत चार्ल्स डार्विनही आहे. विद्यार्थीदशेत त्याला भुंगेरे गोळा करायचं वेड होतं. एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगेरे सापडले, ते त्याने एकेका हातात धरले. तेवढ्यात तिसरा दिसला, तोही नवा. मग उजव्या हातातला त्याने चक्क तोंडात टाकला. त्याने जिभेवर असा जहाल द्रव सोडला की थुंकून टाकावा लागला, आणि तिसराही हातचा गेला. तुमच्या मुलाने निदान तोंडात तरी घातला नाही.

आता ओळख. हा कॅरॅबिडी कुळातला, म्हणजे जमिनीवर फिरणाऱ्या शिकारी भुंगेऱ्यांच्या कुळातला. जगात या कुळाच्या चाळीस हजारांच्या आसपास जाती आहेत. तुमच्याकडचा आहे अँथिया सेक्सगुट्टाटा. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने त्याचं शास्त्रीय वर्णन १७७५ सालीच करून ठेवलं आहे. अँथियाचे बाकीचे भाऊबंद मुख्यतः आफ्रिकेत राहतात. भारतात कोरड्या माळांवर दिसणारा ठळक असा हाच.

लांबी साधारण चार सेंटिमीटर, मोठा असेल तर थोडी जास्त. रंग मंद काळा. दोन ठिपके छातीच्या ढालीवर, चार पंखकवचांवर. हे ठिपके रंगवल्यासारखे वाटतात, पण भिंग लावलं तर आखूड पांढऱ्या केसांचे दाट पुंजके दिसतात. म्हणून एखाद्या जुन्या, बिळांत घासून निघालेल्या किड्याचा एखादा ठिपका पुसट किंवा अर्धा झालेला असू शकतो. पाचच ठिपके मोजलेत तर नवी जात सापडली म्हणून नाचू नका. डोकं पुढे काढलेलं, त्याला कात्रीसारखा जबडा. छाती मागे निमुळती, मग कंबर, मग लांबट गोल पोट. पाय लांब आणि सडपातळ. मिशा दोऱ्यासारख्या, अकरा पेरांच्या.

त्या मिशांची निगा बघण्यासारखी असते. बॅटरीचा उजेड थेट न टाकता बाजूला टाका आणि थोडा वेळ हलू नका. किडा थांबतो, पुढचा एक पाय वर घेतो, मिशी त्या पायात अडकवतो आणि बुडापासून टोकापर्यंत ओढून काढतो. पुढच्या पायाच्या नडगीला आतल्या बाजूने एक खाच असते आणि खाचेत केसांची बारीक फणी. धूळ, माती सगळं त्यात निघतं. वासावर शिकार शोधणाऱ्याची मिशी मळून चालत नाही. मला स्वतःला हे कुळ ओळखायची ही सगळ्यात आवडती खूण वाटते, कारण किडा मारावा लागत नाही.

याला उडता येत नाही. पाठीवरची दोन कठीण कवचं एकमेकांना जुळलेली आहेत, ती उघडत नाहीत, आणि खाली उडण्याजोगे पंखही नाहीत. कोरड्या मुलखात याचा फायदाच आहे, कारण बंद कवचाखाली ओल टिकते. तोटा असा की हा जिथे जाईल तिथे पायी जाणार. तुमच्या माळावरून तो संपला तर पलीकडच्या तालुक्यातून उडत येऊन जागा भरणार नाही. मध्ये एक चौपदरी रस्ता, एक कालवा, प्लॉटिंगच्या चार भिंती आल्या की वाट संपली. पुढे बांधाबद्दल जे सांगणार आहे, त्याचं कारण हेच.

राहतो कुठे? द्वीपकल्पीय भारताच्या कोरड्या भागात. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर, जिथे पातळ माती, मधूनच उघडा कातळ, गवत, बोरी-बाभळीची झुडपं असतात तिथे. कोकणातल्या दाट, ओल्या रानात याला शोधत बसू नका. दिवसा दगडाखाली, मातीच्या भेगांत, उंदरांच्या सोडलेल्या बिळांत दडून बसतो. बाहेर पडतो संध्याकाळी, रात्री, आणि पावसाळ्यात ढगाळ दिवस असेल तर भर दिवसाही. पहिल्या पावसानंतर एकदम दिसू लागतो, कारण तेव्हाच जमिनीवर त्याचं खाणं वाढतं: टोळ, नाकतोडे, अळ्या, वाळवी, रातकिडे.

खाण्याची पद्धत जरा ओंगळ आहे. जबड्याने शिकार धरली की तिच्यावर तोंडातून पाचक रस सोडतो. अळीचं आतलं मांस त्या रसात विरघळतं, मग तो ते चघळत शोषतो. पोटाबाहेरच अर्धं पचन उरकलेलं असतं. सकाळी बांधावर अळीची रिकामी, चुरगळलेली कातडी सापडली तर हे या कुळातल्या कुणाचं तरी काम असू शकतं.

काळ्यावर पांढरं एवढं उठून दिसणारं अंग शिकाऱ्याला कशाला हवं? लपण्यासाठी नाहीच ते, बजावण्यासाठी आहे. एकदा आम्लाचा फवारा नाकातोंडात गेलेला प्राणी ही नक्षी सहसा विसरत नाही. आणि जिथे इशारा चालतो तिथे नकलाकार येतातच. आपल्याकडच्या झुडपी रानात पावसाळ्याच्या सुरुवातीला थेरिया पेटिव्हेरियाना नावाचं एक रानझुरळ दिसतं, काळं, गोलसर, पाठीवर सात पांढरे ठिपके. पिचकारीची ताकद त्याच्याकडे नाही. या भुंगेऱ्याच्या नक्षीची नक्कल करून ते निभावून नेतं, असं मानतात. तुमच्या अंगणात दोन्ही दिसू शकतात. पसरट, कंबर नसलेलं, ठिपके सात असलेलं ते झुरळ. ते घरातलं झुरळ नव्हे, पालापाचोळ्यात राहतं, त्यालाही मारायचं कारण नाही. आफ्रिकेत तर याहून कडी आहे. कलहारीच्या वाळवंटात एका सरड्याची पिल्लं काळी-पांढरी असतात आणि पाठीची कमान करून अँथियासारखी ताठ, झटके देत चालतात. मोठी झाली की रंगही बदलतो आणि चालही. ह्युई आणि पियांका या दोन संशोधकांनी १९७७ मध्ये हे मांडलं. सरड्याने किड्याची नक्कल करावी, यावरून पिचकारीचा दरारा किती असेल ते समजा.

आता तुमचा खरा प्रश्न, हुमणीचा. नाही, हा हुमणीचा भुंगेरा नाही, त्याच्या जवळपासचाही नाही. पण जूनमध्ये कडुनिंब-बाभळीखाली रॉकेलच्या पाण्यात भुंगेरे गोळा करण्याची मोहीम चालते, तेव्हा दिसेल तो काळा-तपकिरी किडा बादलीत जातो, हे मी दरवर्षी बघतो. मिशा बघा. हुमणीच्या भुंगेऱ्याच्या मिशा आखूड, टोकाला पंख्यासारख्या उघडणाऱ्या पाकळ्या. अंग तपकिरी आणि गुबगुबीत, चाल मंद, संध्याकाळी झाडाकडे धडपडत उडणारा, पाला खाणारा. जमिनीवरच्या शिकारी भुंगेऱ्याच्या मिशा दोऱ्यासारख्या आणि पाय पळणारे. हात लावायला गेलात की पसार.

अळ्यांमध्येही तसंच. नांगरताना निघणारी पांढरी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकून पडलेली ती हुमणी. शिकारी भुंगेऱ्यांची अळी बहुधा सरळ, लांबट, डोकं गडद, पुढे जबडा आणि मागे शेपटीसारखे दोन काटे. ती सापडली की पळते. ती पिकाची मुळं खात नाही, मातीतले दुसरे किडे, अंडी, कोष खाते. वाढताना दोनदा कात टाकते आणि मग मातीतच छोटी खोली करून कोषात जाते. तिच्यावर औषध टाकलं तर तुमच्याच बाजूचा गडी मेला.

पण उगाच चढवूनही सांगत नाही. सहा ठिपक्यांचे चार भुंगेरे बांधावर आहेत म्हणून ऊसातली हुमणी आटोक्यात येईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हुमणी खोल मुळाशी असते, हा वर फिरतो, गाठभेटच कमी. याचा वाटा वेगळा आहे. ज्या किडी आयुष्याचा काही काळ जमिनीवर किंवा वरच्या थरात काढतात त्या याच्या आणि याच्या लहान भावंडांच्या तावडीत सापडतात. २०१८ मध्ये भारतात आलेली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी घ्या, किंवा हरभऱ्यावरची घाटेअळी. दोन्ही कोषात जायला पिकावरून उतरून मातीत येतात. उतरताना आणि मातीत शिरताना त्यांच्यावर पहारा असतो तो मुंग्यांचा, कोळ्यांचा आणि या भुंगेऱ्यांचा. फवारणीचा पंप तिथे पोहोचत नाही.

आणि खरं काम मोठ्या, देखण्या किड्यांपेक्षा छोटे करतात. भातशेतीत ओफिओनिया नावाचा सडपातळ, लालसर तपकिरी आणि निळसर काळ्या पट्ट्यांचा एक भुंगेरा असतो, सेंटिमीटरभरही नाही. तो खाली बसून वाट बघत नाही. रोपावर चढतो, पान गुंडाळणाऱ्या अळीने केलेल्या गुंडाळीत शिरतो आणि अळीला आतच खातो. दिवसाला तीन ते पाच अळ्या फस्त करतो. तुडतुड्यांवरही त्याची नजर असते. भाताच्या खाचरात तो दिसला तर फवारणीचा निर्णय दोन दिवस पुढे ढकलून बघावा, असं माझं मत. शेतात क्लेनियस नावाचे, हिरवट किंवा काळे, कडेला पिवळसर झाक असलेले भुंगेरे दिसतात, तेही अळ्यांवर राहतात. ओलसर जागी दगड उचलला आणि फट्ट असा आवाज होऊन धूर निघाला तर तो फेरोप्सोफस. त्याच्या पोटात दोन रसायनं एका कप्प्यात आणि ती पेटवणारी विकरं दुसऱ्यात असतात. दोन्ही एकत्र आली की उकळत्या पाण्याइतका गरम फवारा बाहेर पडतो. त्याने बोटावर तपकिरी डाग पडतो, तो काही दिवसांनी जातो.

या कुळावर माणसाने मोठा भरवसा टाकल्याचं जुनं उदाहरण अमेरिकेचं. युरोपातून आणलेल्या आणि चुकून सुटलेल्या एका पतंगाच्या अळ्या न्यू इंग्लंडची जंगलं ओरबाडत होत्या. तेव्हा १९०५ च्या सुमारास युरोपातूनच कॅलोसोमा सायकोफँटा हा झाडावर चढून अळ्या खाणारा भुंगेरा आणून सोडला. तो तिथे रुजला आणि आजही आहे. पतंग मात्र संपला नाही. भुंगेऱ्यांकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हे त्यात आलं.

इंग्लंडमध्ये गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आणखी एक गोष्ट झाली, ती आपल्याला जास्त जवळची आहे. तिथली शेतं एवढी मोठी की कडेच्या कुंपणातले शिकारी भुंगेरे शेताच्या मध्यापर्यंत वेळेत पोहोचेनात, चालत जायचं ना! म्हणून शेताच्या मधोमध मातीचा उंचवटा करून त्यावर दाट गवत लावायला शेतकऱ्यांना सांगण्यात आलं. हिवाळ्यात भुंगेरे त्या गवताच्या बुडख्यांत राहतात आणि वसंतात दोन्ही बाजूंच्या पिकात उतरतात. उंच, गवताळ, न नांगरलेली मातीची पट्टी. आपल्याकडे त्याला बांध म्हणतात आणि तो आजोबांच्या वेळेपासून फुकट मिळालेला आहे. आपण काय करतो? दरवर्षी नांगराचा फाळ वीतभर आत घालतो, भावकीशी भांडतो आणि उरलेल्या गवतावर तणनाशक मारतो.

म्हणून औषधाच्या प्रश्नाला माझं उत्तर: या किड्यासाठी काहीही टाकू नका. हुमणी किंवा दुसऱ्या किडीसाठी टाकावं लागलं तर जिथे किड आहे तिथेच टाका. बांधावर, माळाच्या कडेला दाणेदार कीटकनाशक फेकायची सवय सोडा. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी जुनी पोती कोपऱ्यात निघतात. ती वापरू नका. ते मातीत चालणाऱ्या कुणालाच सोडत नाही, वापरणाऱ्यालाही नाही. ऊसाचं पाचट जाळू नका, सरीत पसरू द्या. त्याखाली ओल राहते आणि हे छोटे शिकारी दिवसभर तिथेच दडतात. बांधावरचे दगड उचलून एका जागी रचलेत तरी हरकत नाही, पण गाडीत भरून विकू नका.

घरामागच्या माळाबद्दल एक वेगळी विनंती. सरकारी कागदावर अशा जमिनीला पडीक म्हणतात आणि कुणी ना कुणी तिथे खड्डे काढून गिरिपुष्प किंवा दुसरी भराभर वाढणारी झाडं लावायला येतं. हेतू चांगलाच असतो. पण उघड्या गवताळ माळावर राहणाऱ्या किड्याला, चंडोल, धाविक अशा पक्ष्यांना सावली नको असते. झाडं लावायचीच असतील तर घराभोवती, विहिरीपाशी, ओढ्याकाठी लावा. माळ माळच राहू द्या.

शेतात हे भुंगेरे किती आहेत हे पाहायचं असेल तर साधा उपाय आहे आणि मुलाला सुटीत कामही मिळेल. प्लॅस्टिकचा उंच ग्लास घ्या, बुडाला सुईने पाणी जाण्यापुरती भोकं पाडा. बांधालगत खड्डा करून ग्लास असा बसवा की काठ मातीच्या पातळीत येईल, तसूभरही वर नको, नाहीतर किडे वळसा घालून जातात. आत थोडा कोरडा पाला टाका म्हणजे पडलेल्यांना एकमेकांपासून लपायला जागा मिळते. वरून तीन खड्यांवर एक कौल ठेवा, पाऊस आत जाणार नाही. एक ग्लास बांधाला, एक शेताच्या मध्यभागी, एक माळावर. संध्याकाळी लावा आणि सकाळी ऊन चढायच्या आत बघा. हातमोजा किंवा लांब चिमटा वापरा आणि तोंड दूर ठेवा, हे मुलाला आता सांगावं लागणार नाही. बांधाच्या ग्लासात आणि मधल्या ग्लासात काय फरक आहे तो वहीत लिहा. रासायनिक फवारणीनंतर आठवड्याने पुन्हा लावा आणि तुलना करा.

मुलाला सहा ठिपक्यांचा एखादा पाळायचा हट्ट असेल तर एक रात्र बरणीत ठेवायला हरकत नाही. झाकणाला भोकं पाडा, तळाला ओलसर माती घाला, एखादा नाकतोडा द्या. दोन एकत्र ठेवू नका. दुसऱ्या संध्याकाळी जिथून उचलला तिथेच सोडा, गावात किंवा शाळेच्या बागेत नाही. आणि निरीक्षण संपलं की जमिनीतले ग्लास आठवणीने उपटून काढा. विसरलेला ग्लास महिनोन्महिने किडे गिळत राहतो.